शेपटीवाला बर्फ

माझ्या थोरल्या मावशीनं एकोणीस वर्षं बटणं निवडली. बटणांच्या कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसून, समोरून सरकत जाणाऱ्या पट्ट्यावरची वाकडी, टवका उडालेली, तीनच भोकं पडलेली बटणं ती उचलून बाजूला टाकायची. मिनिटाला दोनशे बटणं डोळ्यांखालून जात आणि त्यातलं एकही खराब बटण तिच्या तावडीतून सुटत नसे. पुढे पुढे हे तिच्या अंगातच भिनलं. कुठेही गेली की ती निवडायला बसे. एका लग्नात खुर्चीवर बसल्या बसल्या तिनं पाहुण्यांचे तीन भाग केले होते: जेवायला आलेले, बघायला आलेले आणि चुकून आलेले. माझी आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, म्हणायची, "हिच्यासमोर फार वेळ थांबू नये. आपण कुठल्या डब्यात जाऊ, काही सांगता येत नाही."

मग कारखान्यात एक यंत्र आलं. ते मिनिटाला दोन हजार बटणं बघायचं आणि चहालाही उठायचं नाही. मावशीला हार-तुरे मिळाले आणि ती घरी आली. येताना टेबलावरचं भिंग स्टँडसकट घेऊन आली. कारखान्यानं दिलं, असं ती सांगे. काका म्हणत, "दिलं नाही, कुणी परत मागितलं नाही, इतकंच."

काका म्हणजे मावशीचे यजमान. ते रंगारी होते. गावाबाहेर एक लहानशी धावपट्टी आहे, तिथे हवामानाच्या संशोधनाचं एक विमान असे, आणि त्या विमानाच्या हँगरमध्ये काका नोकरीला होते. हँगरची दारं, शिड्या, जमिनीवरचे पट्टे, भिंतींवरचे आकडे, सगळं ते रंगवत. फक्त विमान रंगवायला परवानगी नव्हती. विमानाचा रंग वेगळा, तो लावणारी माणसं वेगळी, ती बाहेरून येत. बावीस वर्षं विमानाच्या सावलीत काढूनही त्याला एकदाही ब्रश लावायला मिळाला नाही, हे काकांचं आयुष्यातलं मोठं दुःख होतं. ते बोलून दाखवत नसत. त्याचा सूड ते घरावर उगवत.

हँगरमधला उरलेला निळा रंग डब्यातच वाळून गेला तर पाप लागेल अशा थाटात ते तो घरी आणून लावत. कुंड्या निळ्या, नळ निळा, कपडे वाळत घालायच्या काठ्या निळ्या. शेजाऱ्यांची सायकल चार तास त्यांच्या फाटकाला टेकून होती, तीही निळी झाली. दारांवर इतके थर चढले होते की त्या घरातलं एकही दार नीट लागत नसे, आणि लागलंच तर उघडत नसे.

मावशी घरी बसून तिसऱ्या आठवड्यात डाळीसुद्धा आकारानुसार लावायला लागली, तेव्हा काका घाबरले.

"अगं, आमच्याकडे एक जागा निघालीये," एक दिवस त्यांनी सांगितलं. "चित्रं निवडायची."

"कसली चित्रं?"

"पावसाची."

"पावसाची चित्रं कोण काढतं?"

"विमान काढतं," काका म्हणाले. याहून जास्त त्यांना माहीत नव्हतं.

मुलाखत घेतली ती तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ बाईंनी. सगळे त्यांना मॅडम म्हणत. उंच, सडपातळ, चष्मा कायम डोक्यावर सरकवलेला आणि दिवसभर तोच शोधत असलेल्या. त्यांनी मावशीला कामाचं स्वरूप समजावून सांगितलं.

"चारशे किलोमीटर उंचीवरून उपग्रह जातो. तो ढगाकडे वरून बघतो आणि सांगतो, यातून इतका पाऊस पडतोय, यात वर इतका बर्फ आहे. पण तो लांबून बघून सांगतो. आता लांबून बघून सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?"

"माझ्या जावेवर तर मी अजिबात ठेवत नाही," मावशी म्हणाली.

मॅडमना हे उत्तर आवडलं. "म्हणूनच आम्ही पडताळा घेतो. उपग्रह डोक्यावरून जात असतानाच त्याच ढगात आमचं विमान घालतो. विमानाच्या पंखाखाली एक नळकांडं लटकवलंय. त्याच्या पुढे दोन दांड्या, खेकड्याच्या नांग्यांसारख्या. एका नांगीतून दुसऱ्या नांगीत प्रकाशाचा किरण जातो. त्या फटीतून थेंब गेला, बर्फाचा कण गेला, की त्याची सावली पडते. त्या सावलीचं चित्र निघतं. एका उड्डाणात लाखो चित्रं निघतात. बरीचशी कॉम्प्युटर ओळखतो. जी त्याला कळत नाहीत ती माणसानं बघायची."

त्यांनी एक कागद समोर सरकवला. त्यावर मुंग्यांएवढे काळे ठिपके, काड्या आणि चांदण्या होत्या. मावशीनं पर्समधून भिंग काढलं, स्टँड उभा केला आणि तीन मिनिटांत कागद परत दिला.

"हे दोन थेंब एकमेकांना चिकटलेत, मोठा एक नाही. या चांदणीचा कोपरा मोडलाय. आणि ही बारीक रेघ प्रत्येक ओळीत एकाच जागी आहे, म्हणजे ती वरून पडलेली नाही, तुमच्या यंत्रातलीच आहे."

ती रेघ सापडायला मॅडमना चार महिने लागले होते. नोकरी तिथल्या तिथे पक्की झाली.

मॅडमच्या यादीत कणांची लांबलचक नावं होती. मावशीनं ती बाजूला ठेवली आणि कीबोर्डच्या सहा बटणांवर आपल्या हातानं चिठ्ठ्या चिकटवल्या: थेंब, काटे, तारे, झुबके, गारा आणि देव जाणे. सहा महिन्यांत सगळं ऑफिस तीच नावं वापरायला लागलं. विमानाचे कप्तान खाली उतरले की म्हणत, "आज वर काटे होते, मध्ये झुबके, शेवटी थेंब. देव जाणे फारसं नव्हतं."

आमच्याकडे बर्फ पडत नाही. निदान जमिनीवर आलेला कुणी पाहिलेला नाही. मॅडमनी तिला सांगितलं की आपल्यावर पडणारा बराचसा पाऊस वर बर्फच असतो, खाली येता येता त्याचं पाणी होतं. हे ऐकून मावशी दोन दिवस बेचैन होती.

"इतकी कोरीव वस्तू," ती आईला म्हणाली, "सहा पाकळ्यांची, एकीला दुसरीचा पत्ता नाही तरी सगळ्या सारख्या. आणि आपल्यापर्यंत पोचते ती नुसतं पाणी होऊन."

"आपल्याकडे पार्सलंही अशीच येतात," आई म्हणाली.

दुसऱ्या वर्षीच्या मोहिमेत तो प्रकार सुरू झाला.

मोहीम म्हणजे ढगांच्या दिवसांतले दोन महिने. उपग्रहाची वेळ बघून विमान आठवड्यातून तीन-चारदा वर जाई. त्या वर्षीच्या चौथ्या उड्डाणानंतर मावशीला चित्रांमध्ये एक नवाच आकार दिसला. चपटा, कडा फाटलेली, थोडा वळलेला, कापलेल्या नखासारखा. काहींना मागे एक बारीक सरळ शेपूट होतं. मावशीनं तो देव जाणेत टाकला. पाचव्या उड्डाणात असे अकरा मिळाले. सहाव्यात चाळीस. आठव्या उड्डाणापर्यंत देव जाणेत गारांपेक्षा जास्त गर्दी झाली, आणि मावशी त्यांना शेपटीवाले म्हणायला लागली.

मॅडम तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, हा आकार मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही."

"मीपण नाही. म्हणून तर देव जाणेत टाकलाय."

"देवाला जे माहीत आहे ते आता आपल्यालाही कळायला हवं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे चमकायला लागले.

त्या दिवसापासून ऑफिसात वेगळंच वारं शिरलं. मॅडमना खात्री पटली होती की हा बर्फाचा नवा प्रकार आहे. चपटा कण खाली येताना त्याला एक काटा चिकटतो आणि शेपूट होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी त्याला अकरा अक्षरांचं नाव दिलं. निबंध लिहायला घेतला. त्यात शोधकर्ती म्हणून मावशीचं नाव घालायचं ठरलं. केक कापला. काकांना आनंद इतका झाला की त्यांनी हँगरच्या मागच्या भिंतीवर आठ फुटी शेपटीवाला रंगवला. निळ्या रंगात. मॅडमनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

पण या कणांमुळे एक मोठा घोळ झाला होता. नांग्यांमधली फट बोटभर, आणि ढग डोंगराएवढा. त्यामुळे त्या फटीतून एक कण गेला की तसे लाखो कण ढगात असणार असं धरतात. एक शेपटीवाला सापडला की गणितात बर्फाची एक टेकडी वाढे. होता होता असं झालं की उपग्रह सांगतोय त्याच्या दीडपट बर्फ विमानाला ढगात सापडायला लागला. विमान तर ढगाच्या आत जाऊन आलेलं. तेव्हा चूक कुणाची, हे उघड होतं.

उपग्रहाच्या कचेरीतून एक साहेब आले. बुटके, अतिशय सभ्य, आणि मुलाची तक्रार ऐकायला शाळेत बोलावलेल्या बापासारखा चेहरा. आम्ही त्यांना उपग्रहवाले म्हणायचो. मॅडमनी त्यांना आलेख दाखवले, आकडे दाखवले, भिंतीवरचा आठ फुटीही दाखवला. उपग्रहाच्या गणितात आता बर्फ वाढवून धरावा लागेल, असं स्पष्ट सांगितलं. उपग्रहवाले मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मला जरा ती चित्रं बघता येतील का? काही म्हणणार नाही, नुसती बघतो."

ते मावशीशेजारी स्टूल घेऊन बसले. दुपारभर दोघांनी चित्रं बघितली. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "ताई, हे बर्फच आहे, असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

"मला कुठे वाटलं?" मावशी म्हणाली. "मी देव जाणे म्हटलं होतं. बर्फ मॅडम म्हणाल्या."

"बावीस वर्षं मी या उपग्रहांचं काम करतोय," उपग्रहवाले म्हणाले. "इतका वाईट तो नाहीये हो." त्यांचा सूर ऐकून मावशीनं त्यांना आपल्या डब्यातली बिस्किटं दिली.

पुढच्या रविवारी काका न्हाणीघरात अडकले.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि रविवारी जेवायला मावशीकडे जायचे, त्यामुळे हा सगळा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत घडला. काकांनी आदल्या दिवशी न्हाणीघराच्या दाराला आणखी एक हात मारला होता. सकाळी ते आत गेले, दार ओढून घेतलं, आणि दार चौकटीला चिकटलं. आतून धक्के मारून झाले. मग मावशीनं स्वयंपाकघरातली जुनी सुरी आणली आणि बाहेरून दाराची कड खरवडायला सुरुवात केली. रंगाचे पोपडे तिच्या काळ्या गाऊनवर पडायला लागले.

खरवडता खरवडता ती थांबली. गाऊनवरचा एक पोपडा तिनं दोन बोटांत उचलला, उजेडात धरला आणि दाराकडे पाठ फिरवून सरळ बाहेरच्या खोलीत निघून गेली.

"अगं, सुटलं का?" आतून काका म्हणाले. "मी ढकलू का?"

मावशीनं टेबलावर भिंग ठेवलं, खाली पोपडा. चपटा. कडा फाटलेली. थोडा वळलेला, कापलेल्या नखासारखा. आणि एका बाजूनं ब्रशचा एक केस बाहेर आलेला, बारीक आणि सरळ. तिनं मला बोलावलं. मी बघितलं. मला भिंतीवरचा आठ फुटी आठवला आणि हसू आवरेना, पण तिचा चेहरा बघून मी गिळून टाकलं.

ती परत न्हाणीघराशी आली. सुरी तिनं हातात घेतली नाही. खुर्ची ओढून दारासमोर बसली.

"अहो, हा निळा रंग कुठला?"

"हँगरमधला. उरलेला. तुला माहितीये की."

"तो आणखी कुठे कुठे लावलाय?"

"कुंड्यांना. नळाला. काठ्यांना. त्या सायकलीला, पण ते मुद्दाम नव्हतं."

"विमानाला?"

आत नळ ठिबकत होता.

"विमानाला हात लावायची मला परवानगी नाही," काका म्हणाले.

"मी परवानगीचं नाही विचारलं."

"दार उघडतेस का आधी?"

"आधी सांगा."

मग आतून बारीक आवाज आला. "विमान असं नाही म्हणता येणार. पंखाखाली ते नळकांडं आहे ना, त्याच्या दांड्या. तिथला रंग गेला होता. सगळं विमान कसं चकचकीत, आणि तेवढंच ओंगळ दिसत होतं. मी फक्त टोकांना लावला. बोटभर."

"किती वेळा?"

"म्हणजे कसं आहे, एकदाच लावला होता. पण विमान उतरलं की टोकांचा रंग गेलेला असायचा. मला वाटलं, वर वारा फार असेल. मग मी परत लावायचो."

"दर उड्डाणानंतर?"

"काम अर्धवट सोडायची मला सवय नाही," काका म्हणाले.

मावशीनं कपाळाला हात लावला. दर वेळी विमान ढगात शिरे, गार वाऱ्यानं आणि गारांच्या माऱ्यानं नांग्यांवरचा रंग सुटे, पोपडे किरणातून जात, त्यांचं चित्र निघे, आणि विमान उतरलं की काका नेकीनं पुढच्या वेळची तयारी करून ठेवत. चौथ्या उड्डाणापासून हेच चाललं होतं. सावली काळी असते, तिला रंग नसतो, त्यामुळे कुणाला निळं काही दिसलंच नाही.

"प्रायमर लावला नव्हता ना?" तिनं विचारलं.

"तिथे प्रायमर मारत बसलो असतो तर कुणीतरी बघितलं असतं."

आम्ही दोघींनी मिळून दार उघडलं. तोवर तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं: मॅडमचा निबंध, उपग्रहवाल्यांचं गणित, बर्फाच्या टेकड्या. दार उघडं झालं तरी काका बाहेर येईनात. बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते.

"मी अजून थोडा वेळ इथेच बसतो," ते म्हणाले.

जेवताना त्यांनी एक उपाय सुचवला. यापुढे रंग लावायचा नाही, म्हणजे शेपटीवाले आपोआप संपतील, आणि लोकांना वाटेल की त्या जातीचा बर्फ यंदा पडायचा थांबला. मावशीनं हातातला घास खाली ठेवला.

"एकोणीस वर्षांत मी एक वाकडं बटण चांगल्या डब्यात जाऊ दिलं नाही. आता माझ्याच घरातला पोपडा बर्फात जाऊ देऊ? आणि ते बिचारे उपग्रहवाले चांगला चाललेला उपग्रह बिघडवून बसतील."

"नाही, ते खरंच आहे," काका म्हणाले. मग म्हणाले, "मीच सांगतो. केलंय मी, तर मीच सांगतो."

सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते मॅडमसमोर उभे राहिले. मावशी मागे. हातातल्या काडेपेटीत सहा पोपडे. काकांनी रात्रभर वाक्यं पाठ केली होती, पण ऐन वेळी त्यांना प्रायमरचंच महत्त्व आठवलं आणि लोखंडावर, लाकडावर आणि सिमेंटवर तो कसा वेगवेगळा लावावा लागतो, हे ते दहा मिनिटं सांगत राहिले. मॅडम चष्मा शोधता शोधता ऐकत होत्या. अखेर मावशीनं काडेपेटी उघडून टेबलावर पालथी केली आणि भिंग त्यावर ठेवलं.

मॅडम वाकल्या. सरळ झाल्या. पुन्हा वाकल्या.

"हे कुठे पडलं?"

"आमच्या न्हाणीघरात," मावशी म्हणाली.

काकांना वाटलं, आता नोकरी गेली. मॅडमनी सावकाश विचारलं, "किती थर दिलेत?"

"नांग्यांना? सतरा."

"आणि पहिल्या तीन उड्डाणांत?"

"तेव्हा नव्हता लावला. तेव्हा मी शिड्या रंगवत होतो."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि चष्मा डोक्यावरून आपोआप नाकावर आला. हसू ओसरल्यावर त्या उठल्या आणि निबंधाची फाइल कपाटात घातली. त्यांचा हात तिच्यावर जरा रेंगाळला, हे मावशीनं पाहिलं.

"आता सिद्ध करायला हवं," त्या म्हणाल्या. "नांग्या खरवडून लख्ख करा. तुम्ही नाही," काका पुढे सरसावले तसं त्यांनी बजावलं. "गुरुवारी उपग्रह येतोय. ताई, या वेळी तुम्ही वर चला. चित्रं निघतील तशी तिथेच निवडायची. आणि त्या साहेबांनाही बोलावते."

मावशी तोवर कधी विमानात बसली नव्हती. काका बुधवारपासून जेवले नाहीत. गुरुवारी सकाळी ते हँगरच्या दाराशी हाताची घडी घालून उभे होते, ब्रश कुठेही नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून.

वर काय झालं ते मावशीच्याच तोंडून ऐकलंय. आत जागा कमी, यंत्रं जास्त. तिच्यापुढे एक पडदा होता. शेजारच्या सीटवर उपग्रहवाले, मागच्या सीटवर मॅडम. कप्तान मागे वळून एवढंच म्हणाले, "पिशवी समोरच्या खिशात आहे." ढगात शिरले तशी खिडकी पांढरी झाली आणि विमान खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं हादरायला लागलं. उपग्रहवाल्यांनी बावीस वर्षं पाऊस मोजला होता, पण ढगाच्या आत ते पहिल्यांदाच आले होते. त्यांचा चेहरा आधी पिवळा आणि मग हिरवा झाला. मावशीला काहीच झालं नाही. तिचं लक्ष पडद्यावर होतं.

आधी अगदी वर गेले. तिथून जिना उतरावा तसे टप्प्याटप्प्यानं खाली यायचं होतं. वरच्या टप्प्यात काटे, नुसते काटे. त्याच्या खालच्यात तारे. मावशीची बोटं कीबोर्डवर चालत होती. अकरा वाजून बारा मिनिटांनी मॅडम म्हणाल्या, "आत्ता बरोब्बर डोक्यावर आहे." उपग्रहवाल्यांनी तोंडाशी धरलेली पिशवी बाजूला केली आणि खिडकीला गाल लावून वर बघायला लागले. दिसणार काहीच नव्हतं. तरी बघत राहिले.

"शेपटीवाले?" मॅडमनी विचारलं.

"एकही नाही."

आणखी खाली. झुबके आले, गारा थोड्या, मग थेंब. देव जाणेत दिवसभरात चारच चित्रं गेली.

ताऱ्यांच्या त्या टप्प्यात एकदा विमान वळलं आणि खिडकीच्या काचेवर कडेला एक चांदणी येऊन चिकटली. एवढीशी, सहा पाकळ्यांची. मावशीनं दोन वर्षांत अशा लाखो सावल्या निवडल्या होत्या, पण सावली काळी. ही पारदर्शक होती. ती बघत होती तेवढ्यात ती वाऱ्यानं निघून गेली. "त्या वेळात पडद्यावरची साठ-सत्तर चित्रं माझ्याकडून तशीच सुटली," तिनं आम्हाला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिची निवड चुकली होती, आणि याचं तिला काही वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे आले. विमानानं मोजलेला बर्फ आणि उपग्रहानं सांगितलेला बर्फ यांत शंभरात सहाचा फरक होता. मॅडम म्हणाल्या, याहून जवळ आजवर कधी आलेलं नाही. उपग्रहवाले उठून उभे राहिले, कोणाशी हात मिळवावा हे न कळून मावशीच्या भिंगाशीच हात मिळवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मी सांगत होतो, तो तसा नाहीये."

मॅडमनी नवा निबंध लिहिला. नांग्यांवरचा रंग सुटला तर तो बर्फासारखा कसा दिसतो, हे त्यात सचित्र होतं. जगभरच्या विमानवाल्यांनी तो वाचला आणि म्हणे आपापल्या नांग्या तपासल्या. शोधकर्ती म्हणून मावशीचं नाव लागलं. काकांनाही वाटत होतं की आपलं नाव यावं. बरीच भवती न भवती होऊन शेवटी आभारांच्या यादीत एक ओळ आली: रंग पुरवल्याबद्दल. ती ओळ त्यांनी चौकट करून घरात लावली. चौकट निळी.

विमानापासून दहा फुटांपर्यंत काकांनी ब्रश घेऊन यायचं नाही, असा नियम झाला, आणि ती दहा फुटांची हद्द दिसावी म्हणून जमिनीवर पिवळी रेघ मारायचं काम काकांनाच दिलं. त्यांनी ती मन लावून मारली. प्रायमरसकट, दोन हात. फक्त दुसरा हात आतल्या बाजूनं देताना ते ब्रशसकट हद्दीच्या आत आले होते, त्यावर कप्तानांनी एक लेखी तक्रार केली आणि मॅडमनी ती देव जाणेत टाकली.

मावशी पुढे नऊ वर्षं तिथे होती. उपग्रहवाले मधून मधून तिच्याकडे दुसऱ्या ठिकाणच्या विमानांची चित्रं पाठवत, म्हणत, तुमची नजर एकदा फिरू द्या. एकदा समुद्रापलीकडून एक मोठं पाकीट आलं. तिथल्या लोकांना उपग्रहापेक्षा खूपच जास्त रिमझिम सापडली होती, आणि ते फार खुशीत होते. मावशीनं दोन दिवस पानं चाळली. मग एका कागदावर, तिच्या कारखान्यातल्या टपोऱ्या अक्षरात, उत्तर लिहिलं आणि पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. मी वाटेत ते वाचलं.

"सप्रेम नमस्कार. आपली चित्रं पाहिली. तारे उत्तम आहेत. गारांबद्दल शंका नाही. मात्र पान तीन ते नऊवरचा आपला पाऊस हा पाऊस नसून डास आहेत. पाय मोजून पाहावेत. कळावे."